खिशातला छापखाना

पाचगणीच्या बाजारात पूर्वी बातमी दोन वाटांनी येत असे. पहाटेच्या गाडीने पुण्याहून वर्तमानपत्रांचे गठ्ठे यायचे, ती छापील बातमी. आणि पसरणीचा घाट चढून आलेल्या एसटीच्या कंडक्टरकडून चहाच्या टपरीवर ऐकू यायची, ती तोंडी बातमी. दोहोंत तफावत पडली तर गाव कंडक्टरवर विश्वास ठेवी. हे मी स्वानुभवाने सांगतो, कारण त्या छापील बातमीत एक बारीकसा वाटा माझाही असे. पंचवीसएक वर्षे मी या गिरिस्थानातून एका दैनिकाला बातम्या पाठवल्या. मानधन छापून आलेल्या मजकुराच्या सेंटिमीटरवर मिळे. महिनाअखेरीस कात्रणे कागदावर चिकटवायची, पट्टीने मोजायची आणि साताऱ्याच्या कचेरीत धाडायची. बातमी पाकिटात घालून वर लाल शाईने 'प्रेस, तातडीचे' असे लिहायचे आणि पाकीट एसटीच्या ड्रायव्हरच्या स्वाधीन करायचे. साताऱ्याच्या स्टँडवर शिपाई ते उतरवून घेई. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की पाकीट अलीकडेच अडकून पडे. त्यामुळे दरडीची बातमीसुद्धा दरडीच्या पलीकडे जात नसे.

आता दरड कोसळली तर दहाव्या मिनिटाला तिचे चित्रण दुबईतल्या पाचगणीकराच्या हातात असते. माझ्या शेजारच्या घरातला मुलगा, बारावीनंतर शिक्षण सुटलेला, मोबाइल एका काठीला लावून गावभर हिंडत असतो. त्याचे स्वतःचे 'चॅनेल' आहे. ना कचेरी, ना संपादक, ना सेंटिमीटरची पट्टी. एकदा त्याने मला विचारले, "काका, तुमची बातमी किती लोक वाचायचे हो?" मी म्हटले, "ज्याच्याविषयी असायची तो वाचायचा. तेवढे पुरत असे." तो हसला. त्याच्या पडद्यावर बघणाऱ्यांचा आकडा दर मिनिटाला पालटतो. माझे उत्तर त्याला आजोबांच्या गोष्टीसारखे वाटले असणार.

पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. खिशात मावणारा हा छापखाना आता घरोघरी आहे. फेसबुक, व्हॉट्सअॅप, यूट्यूब ही नावे आजीबाईंच्या तोंडी आहेत. या छापखान्यातून निघणाऱ्या बातमीने माणसे रस्त्यावर उतरतात, सरकार हलते, कायदे बदलतात, असे म्हणतात. खरेच तसे होते का? आणि होते तेव्हा नेमके कशाने होते?

वेळेआधी फुटलेली बातमी काय करू शकते याचा एक मोठा नमुना आमच्या पाचगणीतच घडला आहे, आणि तोही मोबाइल जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी विश्रांतीसाठी जुलैमध्ये इथे आले होते. लंडनच्या 'न्यूज क्रॉनिकल'चा वार्ताहर स्टुअर्ट गेल्डर इथेच त्यांना सलग तीन दिवस भेटला. पेचातून वाट कशी काढता येईल यावर गांधीजी त्याच्याशी मोकळेपणाने बोलले. ते बोलणे लगेच छापावे असा त्यांचा हेतू नव्हता. ते व्हाइसरॉयपर्यंत पोचावे अशी अपेक्षा होती. पण ते मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त झळकले आणि देशभर एकच गदारोळ उडाला. गांधीजींना १२ जुलैला पाचगणीतूनच पत्रकारांच्या हाती आपली निवेदने द्यावी लागली. 'प्रसिद्धी वेळेआधी झाली' ही त्यांची तक्रार होती. बातमी खोटी आहे असे ते म्हणाले नाहीत. आजच्या भाषेत बोलायचे तर मुलाखत 'व्हायरल' झाली होती.

दुसरा धागाही पाचगणीशी जुळतो. १९६८ साली इथे 'एशिया प्लॅटो' हे केंद्र सुरू झाले. त्यामागच्या चळवळीचे एक अध्वर्यू राजमोहन गांधी. त्यांनी १९६४ साली मुंबईत 'हिंमत' हे इंग्रजी साप्ताहिक काढले होते. आणीबाणीत सेन्सॉरची कात्री चालू असताना हे छोटे साप्ताहिक वाकले नाही. सरकारी रोषाच्या भीतीने छापणारे मागे सरू लागले, तेव्हा वाचकांनी पाठवलेल्या छोट्या छोट्या देणग्यांतून त्यांनी स्वतःच्या छपाईची सोय केली. १९८१ साली 'हिंमत' बंद पडले, तो भाग वेगळा. मला त्यातली वाचकाची भूमिका फार मोलाची वाटते. त्याने अंगठा वर करून पसंती दाखवली नाही. त्याने मनीऑर्डर केली. पोस्टात रांगेत उभा राहून.

आमच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर हे याच जातीचे उदाहरण. सानेगुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या 'साधना'चे ते १९९८ पासून अखेरपर्यंत संपादक होते, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम तर त्यांनी गावोगाव फिरून उभे केले. व्याख्यान, पुस्तिका, वार्तापत्र, पुन्हा व्याख्यान. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे ते निवेदने देत राहिले आणि विधेयक रखडत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्या दिवशी त्यांचे छायाचित्र हजारो मोबाइलवर गेले, गावोगावी माणसे बाहेर पडली आणि चार दिवसांत वटहुकूम निघाला. डिसेंबरात कायदा झाला. घाईघाईने निष्कर्ष काढणारा म्हणेल, बघा, समाजमाध्यमांनी चार दिवसांत कायदा आणला. पण वटहुकुमावर सही करायला मसुदा तयार हवा असतो, आणि तो मसुदा त्या संथ वर्षांनी तयार ठेवला होता. खुनाचा खटला मात्र पुन्हा आपल्या चालीने चालला. दोघांना शिक्षा झाली ती मे २०२४ मध्ये. मधली सगळी वर्षे कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला 'जवाब दो' म्हणत उभे राहत होते.

नव्या माध्यमाची ताकद महाराष्ट्राने पहिल्यांदा ठळकपणे पाहिली ती पालघरला, आणि तीही उलट्या बाजूने. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका मुलीने फेसबुकवर दोन वाक्ये लिहिली. दुसरीने ती 'लाइक' केली. दोघींना अटक झाली. देशभर संताप उसळला, दिल्लीतली कायद्याची एक विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरले. दोन वाक्यांनी एक कलम गेले. अर्थात त्या दोन घरांनी तेव्हा जे सोसले ते कोणत्याही निकालपत्रात मावणारे नाही.

मार्च २०१८ चा किसान सभेचा 'लाँग मार्च' आपल्याला आठवत असेल. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडचे आदिवासी शेतकरी ६ मार्चला नाशिकहून पायी निघाले. पहिले काही दिवस दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांना त्यांचे फारसे अप्रूप नव्हते. पण मोबाइलवर छायाचित्रे फिरू लागली: लाल टोप्यांचा कसारा घाटातला प्रवाह, आणि सोललेल्या तळव्यांचे, फाटक्या चपलांचे ते फोटो. ११ तारखेला हजारो माणसे मुंबईत पोचली तेव्हा दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांचा पेपर होता. मुलांना त्रास नको म्हणून थकलेली माणसे रात्रीच उठली आणि शीवच्या बाजूने चालत पहाटेपर्यंत आझाद मैदानावर गेली. ही गोष्ट कळल्यावर मुंबईकर रस्त्यावर पाणी, बिस्किटे आणि चपला घेऊन उभे राहिले. माझ्या एका नातलगबाईंनी, ज्यांना मोर्चा म्हणजे गाड्या अडणे एवढेच ठाऊक होते, त्या सकाळी फोन करून मला विचारले, "हे वनपट्टे म्हणजे काय रे भाऊ?"

माझ्या मते ही त्या छायाचित्रांची खरी कमाई. वनहक्क कायदा २००६ सालचा; त्यावरचे दावे तहसील आणि प्रांत कचेऱ्यांत धूळ खात पडलेले. हा विषय सेंटिमीटरने मोजणाऱ्या आमच्या जगात कधी पहिल्या पानावर आला नाही. एका फोडाच्या चित्राने तो शहरातल्या स्वयंपाकघरात आणला. १२ मार्चला सरकारने मागण्या मान्य केल्याचे लेखी दिले, दावे सहा महिन्यांत निकाली काढू म्हटले. आणि मग? फेब्रुवारी २०१९ मध्ये हीच माणसे पुन्हा नाशिकहून निघाली, पुन्हा आश्वासन मिळाले. मार्च २०२३ मध्ये पुन्हा दिंडोरीहून निघाली आणि वाशिंदपर्यंत चालत आली. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तळव्यांचे फोटो तितके फिरले नाहीत. तळवे मात्र तितकेच सोलले असणार.

आम्ही ज्याला 'पाठपुरावा' म्हणायचो ते हेच. माझे जुने वृत्तसंपादक मोठ्या बातमीबद्दल कधी शाबासकी देत नसत. तीन महिन्यांनी पोस्टकार्ड टाकत, 'त्या पुलाचे पुढे काय झाले?' मोबाइल असे पोस्टकार्ड टाकत नाही. त्याला नवे हवे असते.

याची दुसरी बाजू काळी आहे, आणि ती सांगताना हात जड होतो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा मोबाइलवर कित्येक दिवस फिरत होत्या. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठार मारण्यात आले. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींत एक अशी होती, की दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. खोटे असे त्यात काही घातलेले नव्हते. खरे होते ते फक्त काढून टाकले होते. चाळीस वर्षे कात्रीशी संबंध आलेल्या माणसाला ही गोष्ट विसरता येत नाही.

त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि लोकांना सावध करण्यासाठी जाहिराती दिल्या. कुठे दिल्या? वर्तमानपत्रांत, पानभर! अफवांपासून जपा हे सांगायला त्यांनाही छापील कागद लागला. आम्ही म्हाताऱ्यांनी त्या दिवशी टपरीवर एक जादा चहा घेतला, एवढे सांगून पुढे जातो.

राईनपाडा दूरचा म्हणाल, तर जत आपलाच. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात लवंगा नावाचे गाव आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. गाडी थांबवून त्यांनी एका मुलाला वाट विचारली. लगेच संशय, मग पट्ट्यांनी आणि काठ्यांनी मारहाण. सुदैवाने जीव वाचले. साधूंनी तक्रार दिली नाही. पण मारहाणीचे चित्रण सगळीकडे पोचले होते, त्यावरून पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवला आणि अटका केल्या. म्हणजे ज्या खिशातून अफवा निघाली त्याच खिशातून पुरावाही निघाला. पण पुढच्याच वर्षी खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल पेटली आणि एका निरपराध माणसाचा जीव गेला. जिल्ह्यातले इंटरनेट बंद करावे लागले. त्या काळात आमच्या बाजारातली माणसे पुन्हा एसटीच्या कंडक्टरला बातमी विचारत होती.

अनेक घरांतून मला विचारतात, की गटात कुणी वाईट मजकूर टाकला तर गटप्रमुखाला पोलीस नेतात का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे, की सदस्याच्या मजकुरासाठी केवळ गटप्रमुख म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू दिसायला हवा. कायद्याचे झाले. पण गटातल्या भावजींना 'हे काढा' असे सांगण्याचे धैर्य न्यायालय देऊ शकत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीने या माध्यमाचे सगळेच चेहरे एका आठवड्यात पाहिले. छपरांवर अडकलेल्यांचे ठावठिकाणे, कुठे बोट हवी, कुठे औषध हवे, हे सारे मोबाइलवर फिरत होते, आणि त्यातून कितीतरी जण वाचले. मदतीच्या धान्यासाठी घर दोन दिवसांपेक्षा अधिक पाण्याखाली असावे अशी सरकारी कागदातली अट लोकांनी चव्हाट्यावर आणली; मदतीच्या पिशव्यांवर चिकटवलेली नेत्यांची छायाचित्रेही. कधी नव्हे ती मुंबईतली साहेब मंडळी खुलासे करू लागली. पण पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली ती ८ ऑगस्टला. गावाला बोटी पुरेशा का नव्हत्या, हा प्रश्न पाणी ओसरल्यावर किती जणांनी विचारला?

केवळ गाऱ्हाणे गात नाही. आमच्या पाचगणीत जिथे कचऱ्याचे ढीग होते, जिथून जाताना नाकाला रुमाल लावावा लागे, तिथे आज 'स्वच्छ भारत पॉइंट' आहे आणि पर्यटक तिथे उभे राहून स्वतःचे फोटो काढतात. २०१८ च्या स्वच्छ सर्वेक्षणात पश्चिम विभागातल्या लहान शहरांत पाचगणी पहिली आली. काम केले ते सफाई कामगारांनी आणि नगरपालिकेने. पण कोपऱ्यावरच्या कचऱ्याचा फोटो कुणीही केव्हाही काढून पाठवू शकतो, या धाकाचा त्यात थोडा हात असावा, असा माझा कयास आहे. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने २०१६ साली पाणी फाउंडेशनची पहिली स्पर्धा जिंकली, २०१८ साली माण तालुक्यातल्या टाकेवाडीने. समतल चर कसा काढायचा हे तिथल्या तरुणांनी चित्रफिती बघून घोटले, मग कुदळ हातात घेतली. कुदळ हातात घेतली हे महत्त्वाचे.

आणि आता झाडाणी. महाबळेश्वरपलीकडे, शिवसागराच्या काठाने कांदाटी खोऱ्यात हे गाव आहे. मोबाइलची रेंज तिथे पाहुण्यासारखी येते. २००१ सालीच केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर संवेदनशील म्हणून जाहीर केला; त्याच सह्याद्रीत केंद्राच्या एका बड्या अधिकाऱ्याने व त्याच्या नातलगांनी मिळून सुमारे ६२० एकर जमीन घेतल्याचा आरोप साताऱ्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सुशांत मोरे यांनी २०२४ मध्ये केला. बातमी छापून आली, मग मोबाइलवर पसरली. कमाल जमीनधारणेचा प्रश्न निघाला, जिल्हा प्रशासनाने नोटिसा काढल्या, मोरे उपोषणाला बसले आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने वर्तमानपत्रातल्या वृत्तावरून स्वतःहून दखल घेतली. आरोपाची शहानिशा ज्यांनी करायची ते करतील. मला यातला क्रम लक्षात ठेवण्याजोगा वाटतो. आधी सातबारा, फेरफार, माहिती अधिकाराचा अर्ज, मग बातमी, मग गाजावाजा. शेजारचा मुलगा या प्रकरणात उत्साहाने माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याला फेरफार कसा वाचतात ते दाखवले. दोन तास बसला. काठी दाराशी टेकवून.

त्याची आई मात्र तेव्हापासून अस्वस्थ आहे, आणि तिला कारण आहे. आमच्या घाटाखाली कोकणात, राजापूरला, शशिकांत वारिशे नावाचे पत्रकार होते. रिफायनरीच्या वादासंबंधी ते लिहीत. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांची एक बातमी छापून आली. त्याच दिवशी दुपारी राजापुरात त्यांच्या दुचाकीला एका मोटारीने धडक देऊन फरफटत नेले. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात ते गेले. ज्याच्याविषयी ती बातमी होती त्याच माणसाला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. देशभर निषेध झाला, 'हॅशटॅग' झाले. लहान गावातला बातमीदार आणि ज्याच्याविषयी बातमी तो माणूस, हे दोघे एकाच पेट्रोल पंपावर पेट्रोल भरतात, ही गोष्ट शहरातल्या वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. आमच्या काळी निदान मागे एक कचेरी असे, बातमीखाली नाव नसे. या मुलाच्या प्रत्येक बातमीत त्याचा चेहरा असतो.

मागल्या महिन्यात त्याची आई भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "भाऊजी, तुमचं ऐकतो तो. त्याला लग्नाचे व्हिडिओ काढायला सांगा ना. सीझनला चांगले पैसे मिळतात." मी तिला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. मुलाला एवढेच सांगितले, की खोऱ्यातून रात्री एकट्याने गाडीवर येऊ नकोस, आणि जे कागद मिळतील त्यांची एक प्रत माझ्या कपाटात ठेवत जा. लग्नाच्या दोन ऑर्डर त्याने घेतल्या आहेत. कपाटातली फाइलही बरीच जाड झाली आहे.